पेत्राची बोली आणि आमची लाज

गेल्या पावसाळ्यात मालाडच्या एका जुन्या गावठाणात एका आजारी आजीकडे आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो होतो. पापनिवेदनाआधी तिने संकोचून विचारले, "फादर, मना इंग्लिश येत नाय. आमची भाषा गावठी. चालंल ना?" दारात उभ्या असलेल्या नातीने हसत हसत, सफाईदार इंग्रजीत, आजीच्या बोलण्याबद्दल आमची क्षमा मागितली. आजी तर स्वतःच्या अपराधांची कबुली द्यायला बसली होती. नातीने मात्र जो अपराधच नव्हे, त्याची क्षमा मागितली.

प्रिय वाचकहो, ही लाज त्या मुलीने घरीदारी, शाळेत आणि चर्चच्या आवारातही आमच्याकडूनच उचलली आहे. म्हणून हा लेख तिच्याविरुद्ध नाही, आम्हां थोरांविरुद्ध आहे.

ओर्लेम, खारोडी, मार्वे, एरंगळ, मढ या गावांतील जुनी ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या उत्तर कोकणची मराठी बोलत आली. १८८७ साली बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली आणि या मराठीभाषक समाजाने इंग्रजी नाव धारण केले. इंग्रजांच्या दरबारी नोकरी मिळावी, बाहेरून आलेल्या ख्रिस्ती बांधवांहून आपण वेगळे ओळखू यावे, हा त्यामागील हेतू. पोटासाठी नाव घेण्यात पाप नव्हते. परंतु नावामागोमाग जिभेचीही लाज घरात शिरली, ती आजतागायत निघालेली नाही.

आज आमच्या माणसाला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. इंग्रजी मंडळी त्याच्या इंग्रजीतील मराठी हेल ऐकून ओठ दाबून हसतात. मराठी मंडळी त्याने 'पाणी'ला 'पानी' आणि 'मला'ला 'मना' म्हटले की त्याला अशुद्ध ठरवतात. गंमत अशी, की हिंदी बोलणारा 'पानी' म्हणतो तेव्हा कोणालाही ते अशुद्ध वाटत नाही. म्हणजे दोष उच्चाराचा नसतो. बोलणारा कोळीवाड्यातला की बंगल्यातला, हे पाहून तो ठरतो.

शुद्ध म्हणून जी मराठी आम्ही मिरवतो, ती तरी आकाशातून पडली काय? १८३१ साली मोल्सवर्थचा कोश निघाला, पुढे मेजर कँडी यांनी शालेय पुस्तके तपासली, आणि पुण्याकडील शिष्टांची भाषा लेखी मराठीचा नमुना ठरली. इंग्रजीचे तेच. लंडन व त्याच्या आसपासची बोली राजसत्तेच्या आणि छापखान्याच्या आधाराने प्रमाण झाली. प्रमाणभाषा हीदेखील एक बोलीच. तिला सत्तेचे पाठबळ लाभले, एवढेच.

कोणी विचारील, मग मुलांना व्यवस्थित इंग्रजी शिकवू नये काय? अवश्य शिकवावी. नोकरीचा अर्ज, बँकेचा कागद, न्यायालयातील निवेदन यांत ढिसाळपणा चालत नाही. प्रमाण मराठीचे शुद्धलेखनही कसून शिकवावे. पण लेखनाचे नियम वेगळे आणि मुखातला हेल वेगळा. नियम अभ्यासाने येतात. हेल आईच्या मांडीवर मिळतो. पहिल्याची चूक दुरुस्त करावी. दुसऱ्याला चूक म्हणणे हीच मोठी चूक होय.

उच्चारावरून माणसाची पारख करण्याची खोड जुनी आहे. शास्ते या पुस्तकात यार्देनेच्या उतारावर 'शिब्बोलेथ' हा एक शब्द नीट म्हणता आला नाही म्हणून इफ्राईमी माणसे कापली गेली. पडलेल्यांचा आकडा ४२,००० दिला आहे. महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात लोकांनी संत पेत्राला ओळखले, तेही त्याच्या गालीली बोलीवरून. आमच्या पहिल्या पोपमहोदयांची बोली राजधानीच्या लोकांना गावंढळच वाटत होती! पुढे पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने यरुशलेमेत जमलेल्यांना एका भाषेत बोलायला लावले नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत शुभवार्ता ऐकू आली.

आमच्याच परंपरेत पाहा. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले, येथील भाषा शिकले आणि मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. मातृभाषा इंग्रजी असलेला धर्मगुरू मराठीत महाकाव्य लिहितो, आणि मातृभाषा मराठी असलेले आम्ही आजीच्या मराठीबद्दल इंग्रजीत क्षमा मागतो! ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना दार उघडले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. तिची एक बोली मात्र आमच्या ओसरीवर मान खाली घालून बसली आहे.

आम्हीही निर्दोष नाही. सेमिनरीत आमच्या इंग्रजी उच्चारांना हसणारे होते. त्याचा राग आम्ही काढला तो सुट्टीत घरी येऊन, आईचे शब्द दुरुस्त करून. ती कधी रागावली नाही. आमच्यासमोर हळूहळू कमी बोलू लागली. तिचे ते मौन आमच्या खाती जमा आहे.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे. मुलांना इंग्रजी द्या, पण आजीची भाषा काढून घेऊन नव्हे. लग्नघरी उंबराच्या पाण्याची गाणी होतात, ती नातवंडांनी वहीत उतरून घ्यावीत आणि कठीण शब्दांचा अर्थ आजीलाच विचारावा. मराठी मिस्सेत विश्वासू जनांची प्रार्थना एखाद्या आजीने आपल्या बोलीत म्हणावी. धर्मशिक्षणाच्या वर्गात उच्चारावरून हसणे बंद व्हावे. आणि धर्मगुरूंनीही, प्रथम आम्हीच, ही शिस्त पाळावी.

त्या दिवशी आजीला धीर द्यावा म्हणून आम्ही आमच्या आईच्या बोलीत चार शब्द बोलू गेलो आणि दुसऱ्याच शब्दाला अडखळलो. आजीने तो शब्द दुरुस्त करून दिला. ती हसली मात्र नाही.