यीस्टची पुडी आणि डुकरिणीचा हिशेब

डुकरे पाळणाऱ्यांच्या दारात खुराक आणि औषधे विकणारे आता नियमाने येऊ लागले आहेत. यात वाईट काही नाही. ज्या धंद्यात पैसा फिरतो तिथेच विक्रेता फिरतो. त्यांच्या पिशवीत हल्ली यीस्टची भुकटी असते. गाभण डुकरिणीला ती चारा, पिल्ले जास्त जगतील, वजनाने भरतील, हगवण लागणार नाही, असे सांगितले जाते. घ्यावी की घेऊ नये, असा प्रश्न बैठकांतून येतो. आमचे उत्तर असे की, आधी पुडीत काय आहे ते विचारा आणि मग वही उघडा.

यीस्ट म्हणजे ताडी आंबवणारा, पावाचे पीठ फुगवणारा सूक्ष्म जीव. पण या एका नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली जिवंत यीस्ट. दुसरी यीस्ट वाढवून, ते ज्यावर वाढले त्या खाद्यासकट वाळवलेली भुकटी. तिसरी यीस्टच्या पेशींची नुसती टरफले. चौथी दारूच्या कारखान्यात काम संपलेले, मारून वाळवलेले यीस्ट. हे चौथे म्हणजे प्रथिन आणि ब जीवनसत्त्वाचा चांगला खुराक. त्याला पेंडीच्या भावाशी ताडून पाहावे, औषधाच्या भावाने घेऊ नये. टरफलांचे काम निराळे. हगवण लावणारे काही जंतू आतड्याऐवजी या टरफलांना चिकटतात आणि शेणावाटे बाहेर पडतात. जिवंत यीस्टचा उपयोग ते जिवंत असेपर्यंतच. उकळत्या आंबोणात ते टाकले की पैसे पाण्यात गेले.

यीस्टचा बोलबाला आजच का झाला? जनावरे लवकर वाढावीत म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची जगभर चाल होती. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ती बंद केली. पिल्लांच्या हगवणीवर भरपूर झिंक ऑक्साइड देणेही तिथे जून २०२२ पासून बंद झाले. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली. ही बंदी योग्यच आहे, कारण जंतू औषधाला दाद देईनासे झाले तर उद्या आपलीच पोरे दवाखान्यात बिनऔषधाची राहतील. औषध गेले, जागा मोकळी झाली, तिथे यीस्ट आले.

गुण येतो का? काही चाचण्यांत डुकरिणीच्या चिकातील रोगाशी लढणारी द्रव्ये वाढली, पिल्लांचे वजन सुधारले. काही चाचण्यांत काडीचाही फरक पडला नाही. जिथे घाण आणि हगवण जास्त तिथे फरक दिसण्याचा संभव जास्त. म्हणजे ही वस्तू मदतनीस आहे, तारणहार नाही.

मुख्य काम पुडीवाचूनचे आहे. डुकरिणीच्या पिल्लाला पोटात असताना आईकडून प्रतिकारशक्ती मिळत नाही, ती मिळते चिकातून. पहिल्या २४ तासांत प्रत्येक पिल्लाच्या पोटात २०० ते २५० ग्रॅम चीक गेलाच पाहिजे. दुबळ्या पिल्लाला हाताने आचळाला लावावे. नवजात पिल्लाला ३२ ते ३४ अंश ऊब लागते, म्हणून कोरडा पेंढा आणि दिवा हवा. आईखाली चेंगरू नये म्हणून भिंतीलगत आडवा दांडा हवा. पिल्लाला रोज सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागते, दुधातून मिळते जेमतेम १. मोकळी पिल्ले माती उकरून ते मिळवतात. सिमेंटवरच्या पिल्लांना तिसऱ्या दिवसाच्या आसपास लोहाचे इंजेक्शन द्यावे लागते. हे न करता यीस्ट चारणे म्हणजे बांध फुटलेल्या शेतात खत टाकणे. आणि स्वाइन फीवर यीस्टने थांबत नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० साली आसाम-अरुणाचलात शिरला, त्यावर औषध नाही. हॉटेलचे उष्टे चारत असाल तर आधी ते चांगले उकळा.

आता हिशेब. डुकरीण ११४ दिवस गाभण असते. शेवटचे २१ दिवस रोज अडीच किलो आणि व्याल्यावर ४२ दिवस रोज ५ किलो खाद्य धरले तर एका वेताला सुमारे २६० किलो होते. किलोला २ ग्रॅम प्रमाणे भुकटी लागली अर्धा किलोच्या थोडी वर. भाव ४०० रुपये किलो धरला तर वेताला २१० रुपये, दहा वेतांना २१०० रुपये. दहा वेतांत मिळून एक पिल्लू जास्त वाचले आणि तुमच्या बाजारात ते २१०० च्या वर गेले, तर व्यवहार फायद्याचा. नाहीतर विक्रेत्याच्या फायद्याचा. भाव आणि मात्रा तुमच्या पुडीची घाला, रीत हीच.

एका डुकरिणीवरून काही सिद्ध होत नाही. चार-पाच घरांनी मिळून निम्म्या डुकरिणींना यीस्ट द्यावे, निम्म्यांना देऊ नये, बाकी सारे सारखे ठेवावे. किती पिल्ले जन्मली, किती जगली, दूध तोडताना वजन किती, एवढेच लिहावे.

आणखी एक गोष्ट. यीस्टचे कारखाने यीस्ट वाढवतात ते मुख्यतः मळीवर. मळी निघते उसातून, म्हणजे आपल्याच घामातून. ती मळीच्या भावाने जाते आणि औषधाच्या भावाने परत आपल्या दारात येते. म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. यीस्टचा प्रकार, मुदत संपेपर्यंत ग्रॅममागे किती जिवंत पेशी राहतील, आणि मात्रा, हे पुडीवर मराठीत छापलेच पाहिजे. दुसरी मागणी नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे. मळीच्या आसवन्यांत उरणारे यीस्ट सुरक्षितपणे वाळवून डुकरांना चालते का, किती चालते, हे गावच्या खुराकावरच्या डुकरिणींवर तपासून निष्कर्ष मराठीत आमच्या हाती द्यावेत. तोवर असला ओला गाळ कोणी परस्पर चारू नये. तो पोटात आंबतो.

डुक्कर पाळणारा म्हटले की अजून काही जण नाक मुरडतात. कैकाडी-वडार घरांनी हा धंदा पिढ्यान् पिढ्या सांभाळला, त्यांनाही आम्ही शेतकरीच मानतो. उत्पादन खर्च काढण्याचा हक्क कापसाला आहे तसा डुकरालाही आहे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना वह्या घेऊन या. विक्रेत्याला उत्तर त्या वह्यांतूनच द्यायचे आहे.