मतपेढी, लाभार्थी आणि बालेकिल्ला: वाराणसीतील शब्दांचे राजकारण

वाराणसी लोकसभा मतदारसंघातून नरेंद्र मोदी यांनी १४ मे २०२४ रोजी तिसऱ्यांदा उमेदवारी अर्ज दाखल केला, तेव्हा त्यांच्या चार प्रस्तावकांची बरीच चर्चा झाली. एक ब्राह्मण, दोन इतर मागासवर्गीय आणि एक दलित, अशी त्यांची ओळख बहुतेक बातम्यांतून करून देण्यात आली. दहा वर्षांपूर्वी, २४ एप्रिल २०१४ रोजी, मोदी यांनी येथून पहिला अर्ज भरला तेव्हाही प्रस्तावक चारच होते. त्या वेळी वाचकांना त्यांची ओळख झाली ती अशी: पंडित मदनमोहन मालवीय यांचे नातू गिरिधर मालवीय, गायक छन्नूलाल मिश्र, एक नावाडी आणि एक विणकर.

वास्तविक मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला कायद्याने एकच प्रस्तावक पुरतो आणि तो त्या मतदारसंघाचा मतदार असला की झाले. अर्जाचे चार संच भरण्याची मुभा असल्याने नावे चार होतात. जातीचा हिशेब २०१४ मध्ये कोणी केला नसेल, असे म्हणता येणार नाही. तथापि माणसाची पहिली ओळख तेव्हा घराण्याची वा व्यवसायाची होती. २०२४ मध्ये ती प्रवर्गाची झाली. मधल्या काळात, २०२३ मध्ये, समाजवादी पक्षाचे अखिलेश यादव यांनी 'पीडीए', म्हणजे पिछडा, दलित आणि अल्पसंख्याक, हे तीन अक्षरी समीकरण मांडले होते. भाजपच्या प्रस्तावकांची यादी त्या समीकरणाला दिलेले उत्तर म्हणून वाचली गेली. शब्द एका पक्षाने काढला, मोजणी मात्र सर्वांचीच त्या शब्दाने होऊ लागली.

काशीला शब्दांची टाकसाळ नवी नाही. येथील 'आज' हे हिंदी दैनिक ५ सप्टेंबर १९२० रोजी सुरू झाले. त्याचे विख्यात संपादक बाबूराव विष्णु पराडकर काशीतच जन्मलेले मराठी गृहस्थ होते. राष्ट्रपती, मुद्रास्फीती यांसारखे शब्द हिंदी वृत्तपत्रांत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मैदागिन भागात त्यांच्या नावाची वास्तू उभी आहे आणि काशी पत्रकार संघाचे कार्यालय तेथेच आहे. बातम्यांचे भाषांतर करणाऱ्या आमच्यासारख्यांना पराडकरांचे स्मरण ठेवण्याचे कारण इतकेच की, शब्द निवडताना आपण केवळ वाहक असतो, हा समज त्यांच्या उदाहरणाने टिकत नाही.

'व्होट बँक' हाच शब्द पाहा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ मध्ये म्हैसूरकडील एका खेड्यावरील निबंधात तो वापरला, तेव्हा 'बँक' होता तो आपल्या आश्रितांची मते उमेदवाराच्या पदरात टाकू शकणारा गावचा वजनदार माणूस. मराठीत आपण 'मतपेढी' म्हणू लागलो. पेढी म्हटली की मालक आलाच. पण प्रचलित वापरात मालक अदृश्य झाला आणि ठेवीदारांनाच पेढी म्हटले जाऊ लागले. आज हा शब्द उच्चारला की एखादी जात किंवा बहुधा मुस्लिम समाज डोळ्यांपुढे येतो. मते फिरवणाऱ्या मध्यस्थाविषयीची टीका अशा रीतीने मतदारांवर येऊन पडली.

त्याच्या जोडीला येतो 'तुष्टीकरण'. हिंदीतील या शब्दात खूश करण्याचा भाव आहे. मराठीत त्याला 'अनुनय' हा शब्द आहे, परंतु घाईच्या वेळी हात जातो 'लांगूलचालना'कडे, ज्याचा अर्थ शेपूट हलवणे! मूळ वक्त्याने न दिलेली शिवी भाषांतरात भरते आणि वाचक ती वक्त्याच्याच नावावर जमा करतो.

वाराणसीच्या विणकरांना या शब्दांची किंमत मोजावी लागते. मदनपुरा, बजरडीहा, आलईपुरा या वस्त्यांमधील बहुसंख्य विणकर मुस्लिम आहेत. निवडणुकीच्या वार्तांकनात त्यांची गणना 'मुस्लिम मते' या एकाच रकान्यात होते. त्यांचा मोठा प्रश्न मात्र विजेच्या दराचा आहे. यंत्रमागांसाठी दरमहा ठरावीक रकमेत वीज देण्याची योजना उत्तर प्रदेशात २००६ मध्ये लागू झाली. २०१९ च्या अखेरीस ती बदलून वापराच्या युनिटांशी अनुदान जोडण्याचा निर्णय झाला. त्यावर २०२० मध्ये विणकरांनी 'मुर्री बंद'ची, म्हणजे माग थांबवण्याची हाक दिली. मराठीत त्याचे भाषांतर 'विणकरांचा संप' असे होते. संप म्हटला की मालक आणि मजूर असे दोन पक्ष उभे राहतात. येथे कित्येकदा घरातलाच माग आणि घरातलेच हात, म्हणजे नुकसान पहिल्या दिवसापासून स्वतःचेच. हिंदू विणकरांनाही वीज त्याच दराने घ्यावी लागते. पण निवडणूक जवळ आली की विणकर हा शब्द मागे पडतो आणि वस्तीचा धर्म तेवढा उरतो. मग ते कोणाला मत देणार, हे आधीच ठाऊक असल्याचे गृहीत धरले जाते आणि वीज दराविषयी त्यांना विचारण्याचे कोणाला कारण राहत नाही.

'लाभार्थी' हा शब्द वरकरणी निरुपद्रवी आहे. उत्तर प्रदेशच्या २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत, एप्रिल २०२० पासूनच्या मोफत धान्याच्या पार्श्वभूमीवर, 'लाभार्थी मतदार' असा जणू नवा वर्गच विश्लेषकांना सापडला. वास्तविक २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने स्वस्त धान्याला हक्काचे स्वरूप दिले आहे. हक्कदाराने हक्क घेतला तर तो कोणाचा ऋणी होत नाही. लाभार्थ्याकडून मात्र कृतज्ञतेची अपेक्षा सुरू होते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले. दरमहा १,५०० रुपयांच्या योजनेतील स्त्री 'लाडकी बहीण' झाली आणि देणारे सरकार भाऊ. भावाकडे हिशेब मागायला बहिणीला संकोच वाटतोच. हाच पैसा प्रतिस्पर्ध्याने देऊ केला की तो 'रेवडी' ठरतो. मोदी यांनी जुलै २०२२ मध्ये जालौन येथे 'रेवडी संस्कृती'वर टीका केली, तेव्हा मराठी वाचकांची थोडी पंचाईतच झाली असावी, कारण आपल्याकडे रेवडी उडवतात ती फजितीच्या अर्थाने.

राहिला 'बालेकिल्ला'. वाराणसीचा उल्लेख आता त्याशिवाय क्वचितच होतो. या 'धर्मनगरी'ने १९६७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सत्यनारायण सिंह यांना लोकसभेत पाठवले होते, हे किती जणांच्या लक्षात आहे? २००४ मध्ये येथे काँग्रेसचे राजेश मिश्र विजयी झाले. २००९ मध्ये भाजपचे मुरली मनोहर जोशी यांनी तुरुंगातून निवडणूक लढवणारे बसपचे मुख्तार अन्सारी यांच्यावर मिळवलेला विजय अवघ्या १७,२११ मतांचा होता. 'विद्वान विरुद्ध बाहुबली' असे त्या लढतीचे वर्णन झाले. दोन्ही बाजूंच्या मतदारांनी मात्र हीच विशेषणे पाहून मत दिले, याला पुरावा नाही.

४ जून २०२४ च्या रात्री याच शहराविषयी दोन प्रकारचे मथळे समोर येत होते: एकात 'बालेकिल्ला अभेद्य', तर दुसऱ्यात 'लाट ओसरली'. आधार एकाच आकड्याचा होता. मोदी यांचे मताधिक्य २०१९ मध्ये ४,७९,५०५ होते, ते १,५२,५१३ वर आले, म्हणजे ३,२६,९९२ ने घटले. परंतु २०१९ मध्ये समाजवादी पक्षाच्या शालिनी यादव (१,९५,१५९ मते) आणि काँग्रेसचे अजय राय (१,५२,५४८) वेगवेगळे लढले होते. २०२४ मध्ये त्या दोन पक्षांचे मिळून राय हे एकच उमेदवार होते. म्हणजे घटीतील १,५२,५४८ मते केवळ या बेरजेची. उरलेल्या १,७४,४४४ मध्ये मोदी यांची मते ६,७४,६६४ वरून ६,१२,९७० वर आली, म्हणजे ६१,६९४ ने कमी झाली, आणि विरोधी बाजूची एकत्रित मते १,१२,७५० ने वाढली. ही वाढ मदनपुऱ्यात अधिक की रोहनिया, सेवापुरीच्या ग्रामीण भागात, हे निवडणूक आयोगाच्या नमुना २० मधील मतदान केंद्रनिहाय आकड्यांवरून तपासता येते. निकालाच्या रात्री तो तक्ता हाती नसतो. मथळा मात्र त्याच रात्री द्यावा लागतो.