सूर्य पाठीशी घ्या!

मी एका कॅमेरा क्लबाचा सभासद आहे. तेव्हा पुढचे फटके प्रथम माझ्याच पाठीवर पडतात, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही बाराजण सूर्योदय टिपायला तारकर्लीला गेलो. पहाटे पाचला वाळूत तिपाया रोवल्या आणि कॅमेऱ्यांची तोंडे समुद्राकडे करून बसलो. कोकणचा किनारा पश्चिमेचा. तेथे सूर्य समुद्रात मावळतो, समुद्रातून उगवत नाही. आणि मी वर्गात भूगोल शिकवतो!

सूर्य आला तो पाठीमागून, माडांच्या शेंड्यांवरून. मंडळी हिरमुसली. "साऱ्या सहलीचा विचका झाला," एकजण म्हणाला.

विचका कसला? समोर कोवळ्या उन्हात रापण ओढली जात होती. होडीने समुद्रात अर्धवर्तुळात सोडलेले लांबलचक जाळे, किनाऱ्यावर त्याचे दोन दोर, आणि दोरांना धरून मागे झुकलेली माणसे. त्यांच्या कपाळावरची शीर न् शीर दिसत होती. आमच्या म्होरक्याला मात्र काळ्या छायाकृती हव्या होत्या. तो गुडघाभर पाण्यात शिरला, किनाऱ्याकडे वळला आणि ओरडला, "जरा थांबा, सूर्य दोन माडांच्या मध्ये येऊ द्या!"

दोर ढिला पडला तर मासळी निसटते, हे त्याच्या गावीही नव्हते. कोणी थांबले नाही. जाळे आले. मासळी निघाली जेमतेम चार टोपल्या, आणि तिचे वाटे सर्वांत व्हायचे. म्होरक्याने खिशातून नोटा काढल्या आणि जाळे पुन्हा टाकून ओढायला सांगितले. एक म्हातारा रापणकर एवढेच म्हणाला, "रिकामी रापण कित्याक ओढूची?" आणि नोटांकडे न पाहता वाटे करायला बसला.

संध्याकाळी म्होरक्या मला म्हणाला, "मास्तर, कलेत एवढे चालायचेच."

का म्हणून चालायचे? छायाकृतीतल्या माणसाला चेहरा नसतो, हीच तर आमची सोय! चेहरा दिसला की प्रश्न उभा राहतो: टोपल्या चारच का? मग यांत्रिक होड्यांचा विषय निघतो. मासेमारीच्या नियमनाचा कायदा महाराष्ट्राने १९८१ साली केला, २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, तरी पारंपरिक मच्छीमारांचे गाऱ्हाणे का मिटत नाही, हे विचारावे लागते. त्यापेक्षा काळी आकृती बरी. ती सुंदर दिसते आणि काही विचारत नाही.

कोणी म्हणेल, पुरीला जा, थंडीत तेथे सूर्य समुद्रातून उगवतो. जरूर जावे. पण पाण्याला टेकलेले ते बिंब हा नजरेचा भास असतो. हवेतून येताना प्रकाश वाकतो, म्हणून ते दिसते. खरा सूर्य त्या वेळी क्षितिजाखालीच असतो. त्या भासासाठी आम्ही शेकडो मैल धावणार, आणि हाताच्या अंतरावरचा घाम काळ्या रंगात बुडवणार!

जुने छायाचित्रकार नवशिक्याला सांगत, सूर्य पाठीशी घे, म्हणजे समोरचा माणूस नीट दिसेल. आम्ही तो धडा विसरलो. आज घरोघरी पणत्या लागतील. ज्योतीकडे टक लावून बसण्यासाठी कोणी पणती लावत नाही. उंबरठ्यावर आलेल्याचे तोंड दिसावे म्हणून लावतात.