खोली सोडू नये

"खेळण्यातल्या गाड्यांसाठी भाडं भरतोस?" आईचा हा प्रश्न दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ठरलेला. इंग्लंडमधल्या आमच्या गावात एका गॅरेजच्या वरची खोली आम्ही अकरा जणांनी स्लॉट कार रेसिंगसाठी घेतली आहे. १९५७ साली स्केलेक्स्ट्रिक याच देशात आलं, त्यामुळे इथल्या आजोबांना हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. आईला लागतो.

आता मालक भाडं वाढवतोय. काही जण म्हणतात, खोली सोडा, आठवड्यातून दोन तास चर्चचा हॉल घेऊ. माझा याला साफ विरोध आहे. आमचा ट्रॅक लाकडी. फळीत खाच कोरलेली, दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी, तीतून १२ व्होल्ट. तो गुंडाळून कपाटात ठेवता येत नाही. हॉलमध्ये प्लास्टिकचा ट्रॅक जोडण्या-काढण्यातच अर्धा वेळ जाणार, आणि एक सांधा सैल झाला की गाडी पुढे रडतखडत जाते.

शिवाय नियम असा, की आपली फेरी झाली की वळणावर उभं राहायचं आणि उडालेल्या गाड्या उचलून परत खाचेत ठेवायच्या, दुसऱ्यांच्या. माझी इथली खरी दोस्ती त्या वळणावर झाली. ऑफिसात सहा वर्षं नुसतं 'गुड मॉर्निंग'! मंडळाच्या गणपतीलाही हॉल तासावर असतो. आरती संपते न संपते तोच किल्ल्या वाजायला लागतात.

म्हणून वर्गणी महिना पाच पौंडांनी वाढवा, असं मी सुचवलंय. गुरुवारी मतदान आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.