गाडीचा पट्टा वारंवार कां तुटतो ?

कांदा, दूध व भाजीपाला यांची ने-आण करण्यासाठीं स्वतःची लहान व्हॅन अगर पिकअप गाडी बाळगणारे शेतकरी आपल्या जिल्ह्यांत आतां गांवोगांव आढळतात. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु कांद्याच्या हंगामांत घोडेगांवच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यानें पाहत गेलें असतां इमामपूर घाटाच्या आसपास एखाददुसरी भरलेली गाडी बॉनेट उघडून उभी दिसतेच, आणि चौकशी केल्यास पुष्कळ वेळां "पट्टा तुटला" एवढेंच उत्तर मिळतें. नवल याचें वाटतें कीं, त्याच गाडीचा पट्टा मागील महिन्यांतही तुटलेला असतो, आणि मालकाचा सारा राग पट्टा विकणाऱ्या दुकानदारावर असतो. आमच्या मतें हा राग बहुतेक वेळां चुकीच्या ठिकाणीं काढला जातो.

पट्टा ही रबर व सूत यांची वस्तु आहे. ती केव्हां तरी झिजणारच. दोन-तीन वर्षें इमानेंइतबारें चाललेला पट्टा तुटला तर नवा घालावा, त्यांत विचार करण्यासारखें कांहीं नाहीं. पण एकाच हंगामांत दुसरा पट्टा गेला कीं, पट्टा ज्या चाकांवरून फिरतो त्यांत दोष आहे असें धरूनच चाललें पाहिजे. बाजारांत बनावट माल असतो हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि तीन दुकानांतून घेतलेले तीनही पट्टे बनावट निघावे, हा योग विरळा.

आमच्या परिचयाच्या एका बागाईतदाराच्या डिझेल पिकअपचे कार्तिकापासून पौषापर्यंत तीन पट्टे गेले. ज्या गॅरेजांत गाडी जात असे तेथें दर वेळीं नवा पट्टा चढवून, तो अधिक ताणून व पैसे घेऊन गाडी रवाना होई. तिसऱ्या वेळीं मालकानें तुटका पट्टा फेकून न देतां घरीं आणला. पाहतों तों त्याची इंजिनाकडील एकच कड कुरतडल्यासारखी झालेली, दुसरी कड नवी कोरी. आणि अल्टरनेटरच्या (यास आमचे मिस्त्री अद्याप डायनमोच म्हणतात) आसपास रबराची काळी भुकटी बसलेली. एवढ्यावरून पुढील तपास सोपा झाला. पट्टा सैल असतां सर्व पुल्या एका रेषेंत दिसत. पण पट्टा ताणून पुल्यांच्या तोंडांवर दोरी धरली तेव्हां अल्टरनेटरची पुली किंचित् तिरपी होत असल्याचें आढळलें. अल्टरनेटर ज्या ब्रॅकेटला बसविलेला असतो त्याच्या बोल्टाचें भोंक घासून लांबट झालें होतें. म्हणजे पट्टा जितका अधिक ताणावा तितकी पुली अधिक तिरपी होई, व गॅरेजांतील उपायानेंच रोग बळावत होता. नवी बुश व नवा बोल्ट बसविल्यावर तो हंगाम व पुढचाही हंगाम एकाच पट्ट्यावर पार पडला.

ज्यांनीं विहिरीवर ऑइल इंजिन चालविलें आहे, अगर पिठाच्या गिरणीचा लांब चपटा पट्टा पाहिला आहे, त्यांस येथें एक शंका येईल. तेथें दोन चाकें थोडीं वांकडीं असलीं तरी पट्टा महिनोन्महिने चालतो. मग गाडीच्याच पट्ट्याचे एवढे लाड कां? कारण असें कीं, चपट्या पट्ट्याच्या चाकाचा मध्यभाग किंचित् फुगीर केलेला असतो. चपटा पट्टा नेहमीं उंचवट्याकडे चढतो, त्यामुळें तो आपोआप मध्यावर येतो व थोडी तूट सांभाळून घेतो. गाडीचा पट्टा पाचरीच्या आकाराचा असून खोबणींत बसतो. त्याची पकड तळाशीं नसते, दोन्ही बगलांवर असते. नव्या गाड्यांतील रुंद पट्ट्यास अशाच लहान पाचरी शेजारीं शेजारीं असतात. अशा पट्ट्यास इकडेतिकडे सरकण्यास जागाच नाहीं. चाक वांकडें असेल तर तो प्रत्येक फेऱ्यांत घासत आंत शिरतो व घासत बाहेर पडतो. फेरे किती, याचा हिशेब करून पाहावा. इंजिनाची पुली १५ सेंटिमीटर व्यासाची असून इंजिन मिनिटास २,००० फेरे घेत आहे असें धरलें, तर पट्टा मिनिटास सुमारें ९४० मीटर धांवतो. त्याची लांबी एक मीटर असेल तर चार तासांच्या प्रवासांत त्याचे सव्वादोन लक्ष फेरे होतात. दोन-तीन मिलिमीटरांचा वांक मग क्षुल्लक राहत नाहीं.

आमची उमेदीचीं वर्षें महसूल खात्यांत गेलीं. तेथें नुकसानीची नोंद करावयाची तर आधीं जागेवर जाऊन पंचनामा करावा लागे. तुटक्या पट्ट्याचाही तसाच पंचनामा व्हावा, असें आमचें सांगणें आहे. दोन्ही बगला कांचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर पट्टा घसरत होता. तो सैल असेल किंवा एखादें चाक जड फिरत असेल. तो फुगून मऊ व चिकट झाला असेल तर कोठून तरी तेल गळत आहे, आणि तें गळणें थांबविल्यावांचून नवा पट्टा घालणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें होय. आंतल्या अंगास आडव्या भेगा या उष्णतेच्या व वयाच्या खुणा. पट्ट्याचा तळ घासला असेल तर पुलीची खोबण झिजून रुंद झाली आहे व पट्टा तिच्या तळाशीं टेकत आहे. तेथें पुलीच बदलली पाहिजे. आणि नवा कोरा पट्टा एकाच जागीं तटकन् तुटला असेल तर तो चढविणाऱ्याच्या हाताकडे पाहावें. बोल्ट सैल न करतां टॉमीनें अगर पेचकसानें पट्टा पुलीवर ओढून चढविण्याची जी वाईट खोड आहे तिनें आंतील दोर तुटतात. वरून मात्र कांहीं दिसत नाहीं.

यानंतर चाकांची परीक्षा. इंजिन बंद व थंड असतां, बॅटरीची तार काढून, पट्टा उतरवावा आणि वॉटर पंप, अल्टरनेटर, टेन्शनर व असल्यास एसीचा कॉम्प्रेसर यांची पुली हातानें फिरवून पाहावी. जी अडखळते, घरघरते अगर बोटांनीं हलविल्यास डुगडुगते तिचें बेअरिंग गेलें. या कामास पंधरा मिनिटें पुरतात.

पट्टा किंचाळूं लागला कीं तो ताणावा, हें आमच्याकडील सार्वत्रिक औषध होय. अति ताणानें वॉटर पंपाचें व अल्टरनेटरचें बेअरिंग मरतें, तें बेअरिंग जाम झालें कीं पट्टा जळतो, आणि पुन्हां दुकानदारास शिव्या ! साध्या पाचरी पट्ट्याच्या सर्वांत लांब टप्प्यावर मध्यभागीं अंगठ्यानें दाबलें असतां तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबावा, हा ढोबळ अंदाज; नक्की प्रमाण गाडीच्या पुस्तकांत असतें. ज्या गाडीस स्प्रिंगचा टेन्शनर आहे तेथें हातानें ताणण्याचा प्रश्नच नाहीं, स्प्रिंग जिवंत आहे कीं नाहीं तेवढें पाहावें. चपट्या पट्ट्यावर राळ टाकण्याची जुनी चाल येथें मुळींच उपयोगाची नाहीं. राळेवर धूळ तेवढी चिकटते.

हा विषय केवळ खर्चाचा असता तर आम्ही इतकें लिहिलें नसतें. पुष्कळ गाड्यांत वॉटर पंप याच पट्ट्यावर चालतो. तो थांबल्यावर "एवढा बाजार गांठूं" म्हणून गाडी तशीच हांकली तर इंजिनाचें हेड वांकतें. शिवाय कांहीं डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच दांड्यावर असतो. भरल्या गाडीनें घाट उतरतांना पट्टा तुटला तर थोड्याच दाबांत ब्रेकचें पायडल दगडासारखें होतें. वाचकांनीं आपली गाडी त्यांपैकीं आहे काय, हें आजच विचारून घ्यावें.

मिस्त्री लोकांस सर्व दोष देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. आम्ही त्यांस पट्ट्याचे पैसे देतों, पट्टा चढविण्याचे देतों, पण अर्धा तास खालीं वांकून कारण शोधलें, तर त्याचे पैसे मागतांच "नुसतें पाहण्याचे कसले पैसे?" म्हणून भांडतों. मग कारण शोधण्याच्या भरीस कोण पडेल ? नगरच्या फिरोदिया घराण्यांतील नवलमल फिरोदिया यांनीं १९५८ सालीं बजाज टेंपो कंपनी काढली व १९६९ पासून तिच्या मॅटॅडोर गाड्या रस्त्यांवर आल्या. सैन्याच्या वाहनांची कसोटी घेणारी केंद्र सरकारची संशोधन संस्थाही याच शहराजवळ आहे. अशा जिल्ह्यांत तपासणीची मजुरी मागण्यास मिस्त्र्यास लाज वाटावी, हें आम्हांस पटत नाहीं. तपासणीचे पैसे निराळे ठरवून द्यावे व कारण कागदावर लिहून घ्यावें.

संस्थेनें कांद्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं एक दिवस नेमून, एक जाणता फिटर मजुरी देऊन बोलवावा व सभासदांच्या गाड्या ओळीनें तपासून घ्याव्या, अशी आमची चालकांस सूचना आहे. सभासदांनीं येतांना आपले तुटलेले पट्टे बरोबर आणावे.