पान जड, भुर्दंड वाचकाला

संकेतस्थळाचा डोळ्यांना दिसणारा भाग घडविणाऱ्या तंत्रज्ञांच्या परिषदा आपल्याकडे आता नव्या राहिलेल्या नाहीत. बंगळुरूत २०११ मध्ये सुरू झालेली ‘जेएसफू’ ही त्यांतलीच एक. पान हलके कसे राखावे, याची चर्चा अशा ठिकाणी होते. पण बोलबाला होतो तो नव्या साधनांचाच. १९९५ साली जावास्क्रिप्ट आली, २०१३ साली फेसबुकने ‘रिअ‍ॅक्ट’ सर्वांसाठी खुले केले. त्यानंतर तर साधनांची रीघच लागली.

या प्रगतीचा हिशेब अर्थशास्त्राच्या कसोटीवरही मांडला पाहिजे. तयार साधनांमुळे करणाऱ्याचे श्रम वाचतात. परंतु पान जड झाले, की तो भार वाचकाच्या फोनवर पडतो. डेटा त्याचा, वेळ त्याचा, बॅटरीही त्याचीच. बचत एकाची आणि खर्च दुसऱ्याचा, असा हा व्यवहार होय. मंगळवेढ्याकडच्या एखाद्या खेड्यातून स्वस्त फोनवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलीला मुदतीच्या दिवशी पान उघडलेच नाही, तर तिचे शिक्षण पणाला लागते.

सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर कितीही मोहक उतरली, तरी सूत कच्चे असेल तर चादर टिकत नाही. एचटीएमएल आणि सीएसएस हे या विद्येचे सूत होय. ते आधी पक्के व्हावे. येथील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांची पाने सर्वांत स्वस्त फोनवर उघडून पाहावीत आणि मगच गुण द्यावेत.