चिपमध्ये नाही, म्हणून जमणार नाही?

आपल्या हॉस्टेलवर 'जुनं मशीन' ही जवळजवळ शिवी आहे. सीनिअरच्या नव्या लॅपटॉपवर कंपाइल केलेला प्रोग्रॅम लॅबच्या पीसीवर टाकला, स्क्रीनवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' असे दोन शब्द आले आणि प्रोग्रॅम मेला, की आपला निकाल तयार असतो : "भंगार आहे, फेकून द्या!" हे दोन शब्द नेमके कोण म्हणतं आणि ते म्हणण्याआधी कुणी काही प्रयत्न केला होता का, हे मात्र कुणी विचारत नाही. मला विचाराल तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या अख्ख्या सिलॅबसमधला सगळ्यात माणुसकीचा भाग इथेच दडलाय. आणि आपण तो चार मार्कांची शॉर्ट नोट म्हणून पाठ करतो.

थोडं मागे जाऊया. इंटेलच्या ८०८६ ला दशांश अपूर्णांकांचं गणित स्वतः येत नव्हतं. त्यासाठी १९८० साली ८०८७ ही वेगळी चिप आली. ज्याच्याकडे पैसे, त्याने ती घ्यायची. पण ज्याने घेतली नाही, त्याच्या मशीनवर ८०८७ ची इन्स्ट्रक्शन आली तर? ८०८६ कडे "हे मला येत नाही" असं सांगायची सोयच नव्हती. म्हणून कंपायलरवाल्यांनी स्वतःच युक्ती काढली. ते प्रोग्रॅममध्ये खरी इन्स्ट्रक्शन न घालता तिच्या जागी सॉफ्टवेअर इंटरप्ट घालायचे. मशीनमध्ये ८०८७ सापडली तर चालता चालताच तिथे खरी इन्स्ट्रक्शन लिहिली जायची, नाहीतर इंटरप्टमागचं सॉफ्टवेअर गणित करायचं.

१९८२ च्या ८०२८६ मध्ये इंटेलने हा प्रश्न नीट सोडवला. प्रोसेसरमध्ये 'ईएम' नावाचा एक बिट आला. हा बिट १ केला, की गणिताची इन्स्ट्रक्शन दिसताक्षणी प्रोसेसर थांबतो आणि एक्सेप्शन नंबर ७ उठवतो. आपण तक्त्यात 'डिव्हाइस नॉट अव्हेलेबल' म्हणून घोकतो तोच हा सात नंबर. एका बिटाची गोष्ट, पण माझ्या मते फार मोठी. प्रोसेसरने प्रामाणिकपणे "मला येत नाही" म्हटलं, तरच दुसरं कुणी मदतीला येऊ शकतं.

हे दुसरं कुणी म्हणजे कर्नल. ३८७ नसलेल्या ३८६ वर लिनक्स काय करायचा ते बघा. एक्सेप्शन ७ आला, की प्रोसेसर यूझर मोडमधून कर्नल मोडमध्ये जातो. परतीचा पत्ता म्हणून स्टॅकवर त्याच अडलेल्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवलेला असतो, पुढचीचा नाही. कर्नल त्या पत्त्यावरचे बाइट वाचतो, ती बेरीज आहे की वर्गमूळ हे ओळखतो आणि ऑपरंड मेमरीत कुठे आहे ते काढतो. तिथे वाचायचा-लिहायचा हक्क त्या प्रोग्रॅमला आहे ना, हेही तपासावं लागतं, कारण कर्नलला स्वतःला सगळीकडे मुभा असते आणि एखादा लबाड प्रोग्रॅम त्याच्या हातून भलतीकडेच लिहून घेईल. मग साध्या पूर्णांकांच्या इन्स्ट्रक्शन वापरून ८० बिटांचं गणित होतं. ३८७ मध्ये जी ८ रजिस्टर असतात, त्यांची नक्कल प्रत्येक प्रोसेससाठी मेमरीत वेगळी ठेवलेली असते; उत्तर त्यात जातं. शेवटी परतीचा पत्ता त्या इन्स्ट्रक्शनच्या लांबीइतका पुढे सरकवला, की झालं. प्रोग्रॅम पुढे चालू. मध्ये काय घडलं, याचा त्याला पत्ताही नसतो.

सुरुवातीला लिनक्समध्ये लिनस टोरवाल्ड्सने स्वतः लिहिलेला छोटा एमुलेटर होता. नंतर त्याची जागा ऑस्ट्रेलियातल्या बिल मेट्झेन्थेन यांच्या एमुलेटरने घेतली. त्यात एक झकास गोष्ट आहे. एक इन्स्ट्रक्शन पार पडल्यावर तो पुढे डोकावतो. पुढचीही गणिताचीच असेल तर परत यूझर मोडमध्ये न जाता तीही तिथेच उरकतो. जाण्यायेण्याचा खर्च वाचतो ना! बाजारात गेलोच आहोत तर शेजारच्या काकूंची भाजीही घेऊन यावी, तसं.

याचा फायदा कुणाला झाला? १९९१ मध्ये इंटेलने ४८६ एसएक्स काढला. हा चालू गणित-युनिट नसलेला, स्वस्तातला ४८६. ज्यांना महागडा डीएक्स परवडत नव्हता, त्यांनी हा घेतला. कर्नलमध्ये मॅथ एमुलेशन घेतलेलं नसेल, तर लिनक्स "कोप्रोसेसर नाही" असा संदेश देऊन प्रोग्रॅम मारून टाकायचा. घेतलेलं असेल तर तोच प्रोग्रॅम, एक अक्षर न बदलता, त्या स्वस्त मशीनवर चालायचा. हळू चालायचा, पण चालायचा. गरीब मशीन आणि श्रीमंत मशीन यांच्यात उत्तराचा फरक नाही, फक्त वेळेचा. मला हे फार आवडतं.

आता माझे मित्र म्हणतील, "हे म्हणजे दुधाची तहान ताकावर!" आक्षेप अगदीच खोटा नाही. कर्नलमध्ये नुसतं जाऊन परत येण्यातच ३८७ च्या एका बेरजेपेक्षा जास्त वेळ जायचा, गणित वेगळंच. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आजी म्हणते; इथे पैशाच्या जागी वेग घाला. एआरएमवर तर हे ठसठशीत दिसलं. जुन्या एआरएम लिनक्समध्ये गणिताची प्रत्येक इन्स्ट्रक्शन कर्नलमध्ये जाऊन अडायची. मग लोकांनी पद्धतच बदलली. चिपमध्ये गणित नाही हे आधीच माहीत आहे ना, मग कंपायलरनेच तिथे फंक्शन कॉल घालावा, कर्नलला दर वेळी उठवू नये. डेबियनने २००९ च्या लेनी आवृत्तीत या नव्या पद्धतीचा 'आर्मेल' पोर्ट आणला आणि जुना पोर्ट पुढच्या आवृत्तीत बंद केला. धडा सरळ आहे : अडचण आधी माहीत असेल तर तयारी आधी करा, ऐन वेळी सावरणं महाग पडतं.

पण हार्डवेअर म्हणजे बिनचूक आणि सॉफ्टवेअर म्हणजे कामचलाऊ, या समजुतीला माझा विरोध आहे. १९९४ मध्ये पेंटियमच्या भागाकारातली चूक उघड झाली. चिपमधल्या एका तक्त्यातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या, त्यामुळे ठराविक आकड्यांचे भागाकार चुकायचे. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. तो पेंटियम झटपट चुकीचं उत्तर द्यायचा, आणि एमुलेटरवरचा ४८६ एसएक्स सावकाश बरोबर. परीक्षेत यातला कोण पास व्हायला हवा, तुम्हीच सांगा!

मग कर्नलने प्रत्येक नसलेली इन्स्ट्रक्शन सांभाळून घ्यावी का? इथे मी उलट बाजूने बोलणार आहे : नाही. वचन आणि सोय यांत फरक करायला हवा. डीईसीने १९८५ मध्ये मायक्रोव्हॅक्सची चिप काढली, तेव्हा व्हॅक्सच्या ३०४ इन्स्ट्रक्शनपैकी १७५ च चिपमध्ये बसवल्या. काही गणिताच्या जोड-चिपकडे दिल्या आणि उरलेल्या सॉफ्टवेअरकडे. पण व्हॅक्ससाठी लिहिलेला प्रोग्रॅम तिथे चालेल, हे गिऱ्हाइकाला दिलेलं वचन होतं, म्हणून ते पाळणं भागच होतं. एव्हीएक्सचं तसं नाही. ती इन्स्ट्रक्शन आलीच मुळी वेगासाठी. दर वेळी कर्नलमध्ये जाऊन ती वठवली तर ज्यासाठी वापरली तेच हातचं जाईल. आणि ती आहे की नाही, हे प्रोसेसरला आधी विचारता येतं. म्हणजे लॅबच्या पीसीवर आपला प्रोग्रॅम मरतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष पीसीचा नसतो. 'मार्च=नेटिव्ह' लावून, फक्त स्वतःच्या चिपपुरता कंपाइल करून, तो आपण सगळ्यांना वाटलेला असतो. नाचता येईना, अंगण वाकडं! शिवाय ते मशीन जुनंच असेल असंही नाही. एव्हीएक्स २०११ मध्ये बाजारात आलं, पण नंतर कित्येक वर्षं इंटेलच्या स्वस्त पेंटियम-सेलेरॉनमध्ये ते नसायचंच.

आणखी एक अट. मदत करावी, पण गुपचूप करू नये. पॉवरपीसीवरचा लिनक्स कोणत्या प्रकारची इन्स्ट्रक्शन किती वेळा सांभाळून घेतली, याची मोजणी ठेवू शकतो. ६४ बिटांच्या एआरएमवर 'एसडब्ल्यूपी'सारख्या बाद झालेल्या इन्स्ट्रक्शनसाठी अ‍ॅडमिनला ठरवता येतं, की प्रोग्रॅमला नकार द्यायचा की एमुलेट करायचं. एमुलेट केलं, तर कोणता प्रोग्रॅम ती वापरतोय हे लॉगमध्ये लिहिलं जातं. हे योग्यच. नाहीतर प्रोग्रॅम दहापट हळू का चालतोय ते कळणार नाही आणि सुधारणाही कधी होणार नाही.

आता जरा घरचं बोलते. मी कॉन्व्हेंटची. मराठी वाचताना 'अधोरेखित'सारखा शब्द आला, की माझ्या डोक्यात एक्सेप्शन ७ उठतो. वाक्य जिथल्या तिथे थांबतं, मी शब्द फोडते, 'अधः' म्हणजे खाली, 'रेखा' म्हणजे रेघ, अर्थ जुळवते आणि पुढे सरकते. माझी रूममेट बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. गॅल्विन वाचताना तिचं नेमकं हेच होतं, फक्त उलट्या दिशेने. अर्थ दोघींनाही बरोबर लागतो, वेळ जास्त लागतो इतकंच. पण ओरलला दहा सेकंदांत इंग्लिश वाक्य तयार झालं नाही की समोरून "नेक्स्ट!" ऐकू येतं. डेडलॉक म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा जास्त चांगलं कळतं, आणि मार्क मात्र मला जास्त! ओरल ही विषय येतो की नाही याची परीक्षा आहे, इंग्लिशच्या वेगाची नव्हे. इथे वचन कोणतं आणि सोय कोणती, हे सरांनी आणि मॅडमनी एकदा ठरवावं, अशी माझी नम्र विनंती.

विनंत्या आणखी दोन आहेत. एक, ओएसच्या प्रॅक्टिकलमध्ये एक छोटा प्रयोग घाला. 'यूडी२' ही दोन बाइटची मुद्दाम अवैध ठेवलेली इन्स्ट्रक्शन प्रोग्रॅममध्ये टाकायची, येणारा 'सिगिल' सिग्नल स्वतःच्या हँडलरमध्ये पकडायचा, परतीचा पत्ता दोनने पुढे सरकवायचा आणि प्रोग्रॅम जिवंत ठेवायचा. सगळं मिळून पन्नासेक ओळींचं सी, पण एकदा हाताने केलं की एक्सेप्शनचा तक्ता पाठ करावा लागणार नाही. दोन, आपल्यासाठी, म्हणजे थर्ड इयरवाल्यांसाठी : फर्स्ट इयरच्या मराठी माध्यमातल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाचे शंभर शब्द अर्थासकट लिहून द्यायचे. कंपायलरने आधीच कॉल घालावा, तसं. मग लेक्चरमध्ये दर वाक्याला अडावं लागणार नाही.

आणि पुढच्या वेळी 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' दिसलं, तर मशीनला शिव्या देण्याआधी आपण कोणता ऑप्शन लावून कंपाइल केलं होतं, तेवढं मात्र बघा!